हाउकी आणि गाबोळी

मी मासेखाऊ आहे हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कोणाचा गैरसमज व्हायला नको. रायगड जिल्ह्यातल्या एका खाडीकाठच्या गावात माझा जन्म गेला. चौतीस वर्षे शाळेत गणित शिकवले, पण गावात माझी खरी कीर्ती मासळीची पारख करणारा म्हणून. बाजारात मी आधी कल्ले उघडून पाहतो, मग पोटावरून बोट फिरवतो. पोट टणक आणि फुगीर लागले की आत गाबोळी आहे असे समजायचे. या परीक्षेत मी सहसा चुकत नाही. आमची ही म्हणते, "एवढं लक्ष मुलीच्या स्थळांकडे दिलं असतं तर!"

मुलीने स्थळ स्वतःच शोधले, आणि ते स्थळ तिला घेऊन फिनलंडला गेले. २०२४ च्या एप्रिलात, तिला सातवा महिना लागला असताना, आम्ही दोघे डिंकाचे लाडू, सुंठ, आळीव आणि एक पुडी तिरफळे घेऊन कुओपिओला जाऊन दाखल झालो. तिरफळे अर्थात मी घेतली होती. मासे कुठेतरी मिळतीलच, अशी माझी जगाविषयी एक श्रद्धा आहे.

कुओपिओ हे काल्लावेसी नावाच्या सरोवराच्या काठी वसलेले गाव. गाव म्हणतो, पण आहे चांगले मोठे शहर. फिनलंडात लहानमोठी धरून १,८८,००० च्या आसपास सरोवरे आहेत, तेव्हा एखाद्या शहराच्या दारात सरोवर असणे ही तिथे काही विशेष गोष्ट नाही. विशेष हे की आम्ही गेलो तेव्हा सरोवर कुठे दिसतच नव्हते. घरासमोर एक अफाट पांढरे मैदान होते आणि त्यावर दूरदूर एकेकटी माणसे स्टुलावर पाठमोरी बसलेली. मला वाटले, ही माणसे कसली तरी शिक्षा भोगत आहेत. मुलगी हसून म्हणाली, "बाबा, ती तुमच्याच जातीची आहेत. मासे धरताहेत."

दुसऱ्याच दिवशी मी जावयाचे बूट आणि मुलीची लोकरी टोपी चढवून बर्फावर उतरलो. तिथे आमच्या खालच्या मजल्यावर राहणारे आजोबा भेटले. ते चौऱ्याहत्तर वर्षांचे, म्हणजे माझ्याहून सहाच वर्षांनी मोठे, पण मुलगी त्यांना आपापसांत आजोबा म्हणे म्हणून मीही म्हणू लागलो. हयातभर सुतारकाम केलेला माणूस. त्यांनी मोठ्या गिरमिटाने बर्फाला भोक पाडले, मला एक हातभर लांबीची काठी दिली आणि आपल्या स्टुलाचा अर्धा भाग बोटाने दाखवला. दोन तास आम्ही एकमेकांना टेकून बसलो. त्यांना इंग्रजी जेमतेम येत होते आणि मला फिन्निश मुळीच येत नव्हते, पण मासे धरणाऱ्या माणसांत बोलण्याची फारशी गरज पडत नाही. दोन बोटभर पर्च मिळाले. आजोबांनी ते माझ्यापुढे धरले, मान हलवली, मग दोन्ही हात पसरून म्हणाले, "हाउकी." आणि बर्फ वितळल्याची खूण केली.

हाउकी म्हणजे इंग्रजीत ज्याला पाइक म्हणतात तो मासा. मुलीने मला एक वाक्य शिकवले: हाउकी ओन काला. म्हणजे, हाउकी हा मासा आहे. तिथे हे वाक्य फार प्रसिद्ध आहे. उघड गोष्ट उगाच सांगणाऱ्याला ते ऐकवतात. मला मात्र निराळीच मौज वाटली. फिन्निशमध्ये माशाला 'काला' म्हणतात! आमच्याकडे काला म्हटला की दहीपोहे आणि दहीहंडी. जन्माष्टमीला यांच्याकडे आले तर केवढा घोटाळा व्हायचा.

बर्फ वितळायची वाट पाहण्यात महिना गेला. या काळात आजोबांच्या पडवीत बसून मी हाउकीचा अभ्यास केला. त्यांच्याकडे भिंतीला ठोकलेली दोन वाळलेली मुंडकी होती. जबडा बदकाच्या चोचीसारखा चपटा आणि लांब, आणि आत दात किती म्हणाल? खालच्या जबड्याला सुयांसारखे उभे, आणि टाळूला बारीक दातांचे पट्टेच्या पट्टे, सगळे घशाकडे वळलेले. आत गेलेले भक्ष्य पुढे सरकू शकते, मागे नाही. नायलॉनचा दोरा या दातांपुढे टिकत नाही, म्हणून गळाच्या आधी वीतभर तार लावावी लागते. हाउकीचे पर पाठीच्या अगदी शेवटी, शेपटीला लागून असतात. त्यामुळे तो लव्हाळ्यात काठीसारखा निश्चल उभा राहतो आणि मनात येताच बाणासारखा सुटतो. दूर पाठलाग करून दमवणे हा त्याचा धंदा नव्हे. एक झेप, मिळाले तर मिळाले.

त्याला फसवायची साधनेही आजोबांनी दाखवली. पितळी चमच्याची दांडी कापून राहील तसा एक पत्रा, तो पाण्यात डुलत चमकतो. आणि लाकडी मासे. १९३६ साली लाउरी रापाला नावाच्या एका गरीब कोळ्याने पाहिले की मोठा मासा थव्यातल्या निरोगी माशांना सोडून जखमी, लंगडत पोहणाऱ्याला धरतो. त्याने चाकूने बुचाच्या लाकडाचा मासा कोरला, वर चॉकलेटची चांदी चिकटवली आणि फोटोच्या निगेटिव्ह वितळवून तिचा लेप दिला. हा मासा पाण्यात लंगडत चालला. पुढे तो जगभर विकला गेला. त्या माणसाविषयी मला फार आदर वाटला. निरीक्षण म्हणजे काय, हे मी चौतीस वर्षे मुलांना इतक्या थोडक्यात सांगू शकलो नाही.

काठीला रीळ लावून मासे धरायचे तर सरकारला मत्स्यशुल्क द्यावे लागते. पूर्वी पासष्टी झालेल्यांना ते माफ होते. २०२४ पासूनच वयाची मर्यादा एकोणसत्तरपर्यंत वाढली आणि मी अडुसष्टाचा! मुलीने पैसे भरले आणि वर म्हणाली, "बाबा, आता एवढ्या किमतीचे मासे तरी आणा."

मेच्या दुसऱ्या आठवड्यात बर्फ गेला. गेला म्हणजे रात्रीतून नाहीसाच झाला. आधी काळसर पडला, कडेने पाण्याची पट्टी दिसू लागली, मग एक दिवस वारा सुटला आणि दुपारी समोर निळे पाणी हलत होते. आजोबा दार वाजवून नुसतेच म्हणाले, "नो नीन." या दोन शब्दांचा अर्थ 'चला', 'झाले', 'अरेरे', 'बघा' यांपैकी काहीही होतो. त्या दिवशी तो 'चला' असा होता.

त्यांची नाव लहान, डांबर फासलेली. वल्ही त्यांनी मारली. पाऊण तासाने आम्ही एका उथळ खाजणासारख्या जागी आलो. खाजणच म्हणतो, कारण मला दुसरा शब्द सुचत नाही. बर्फाच्या पाण्याने काठची कुरणे बुडाली होती, गेल्या वर्षीचे वाळलेले गवत पाण्यात अर्धे उभे होते. हात घातला तर बोटे बधिर झाली. आजोबांनी वल्ही वर घेतली. मी चमचा फेकला, ओढला, पुन्हा फेकला. तासभर काही नाही. एकदा चमच्यामागे एक हिरवी सावली आली, नावेपाशी थांबली, माझ्याकडे पाहिल्यासारखे केले आणि खाली विरून गेली. तिला मी काय वाटलो कोण जाणे.

मग ओढता ओढता चमचा अडकला. मला वाटले लाकडात अडकला. पण लाकूड चालू लागले. रीळ किंचाळले. हाउकी पाण्याच्या वर आली नाही, नुसती जड होऊन खाली खाली गेली, आणि नाव तिच्यामागे हळूच वळली. किती वेळ गेला सांगता येत नाही, माझ्या खांद्याला विचारले तर तो एक तास म्हणेल. शेवटी ती कडेला आली. हिरवी, अंगावर फिक्या पिवळ्या ठिपक्यांच्या ओळी, आणि पोट? माझी नजर आधी तिथेच गेली. बोट फिरवायचीही गरज नव्हती.

आजोबांनी हातजाळे खाली धरले, पण उचलले नाही. माझ्याकडे पाहून त्यांनी एकदा घराकडे बोट केले, एकदा पाण्याकडे. प्रश्न मला कळला. असला प्रश्न कोणी विचारतो याचेच मला नवल वाटले. मी घराकडे बोट केले. त्यांनी लाकडी दांडक्याने तिच्या डोक्यावर एकच घाव घातला आणि म्हणाले, "नो नीन." हा दुसरा.

अठ्ठ्याण्णव सेंटिमीटर, साडेसात किलो. मी तिला मुलासारखी दोन्ही हातांवर घेऊन घरात शिरलो. फोटो झाले. गावाकडे पाठवून झाले. हिने पदर खोचला आणि पोट चिरले. दोन्ही बाजूंना कोपरापर्यंत पोहोचतील अशा गाबोळीच्या दोन पिशव्या, किलोभर सहज. मुलगी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती, एक हात कमरेवर ठेवून, आठव्या महिन्यातल्या बायका उभ्या राहतात तशी. ती म्हणाली, "बाबा, सांगायचं राहिलंच. मला हाउकी चालत नाही."

तिथे गरोदर बायकांच्या तपासणीचे सरकारी केंद्र असते, त्याला न्यूवोला म्हणतात. तिथे मिळालेल्या सूचनांत हाउकी स्पष्ट वर्ज्य होती. सरोवरांच्या गाळात पाऱ्याचे असे संयुग तयार होते की ते बारीक जीवांतून लहान माशांत, लहान माशांतून मोठ्यांत चढत जाते. हाउकी सगळ्यांना खाणारी, म्हणून सगळ्यांचे तिच्यात साठते. जितकी मोठी आणि म्हातारी, तितके जास्त. पोटातल्या बाळाच्या मेंदूला ते घातक.

मी म्हटले, "अगं, मग आम्ही दोघं खाऊ."

हिने काहीच म्हटले नाही. ही काही म्हणत नाही तेव्हा घरात फार ऐकू येते. तिने गाबोळी नळाखाली धरली. पिशवी जराशी फाटली होती, त्यातून पिवळे दाणे एकेक सुटून पाण्याबरोबर चालले होते. ते पाहत ती म्हणाली, "पिकलं होतं. दोन-चार दिवसांत सुटलं असतं." आणि गाबोळी पातेल्यात ठेवून तिने वर झाकण घातले. मुलगी आत निघून गेली होती.

तिरफळे घालून कालवण केले. काटे भयंकर, इंग्रजी वायच्या आकाराचे, भिंगीलाही लाजवतील. चव चांगली होती, खोटे कशाला बोलू? गाबोळीही तळली. ती मी एकट्याने खाल्ली. हिने हात लावला नाही.

त्या देशात मेमध्ये रात्र नावाची गोष्ट नीट होत नाही. पडद्याच्या फटीतून उजेड येत राहतो. मला झोप लागेना, आणि मला आमची वलगण आठवली.

पहिला मोठा पाऊस पडला की ओढ्यांचे पाणी शेतात चढते आणि त्या पाण्याबरोबर मासेही चढतात. आमच्याकडे याला वलगणीचे मासे म्हणतात, खाली सिंधुदुर्गात चढणीचे मासे म्हणतात. मळे, शिवडा, शिंगटी, सगळी पोटाला फुगलेली, अंडी टाकायला उथळ गवताकडे निघालेली. मी दहा वर्षांचा होतो. थोरला भाऊ बत्ती धरायचा आणि मी बांधावरून कोयत्याने हाणायचो. सकाळी आई टोपली ओतायची आणि गाबोळीचे मासे वेगळे काढायची, आणि ज्याच्या वाट्याचे जास्त तो शहाणा. मासे प्रवाहाविरुद्ध वर का येतात, हे गणिताच्या मास्तराने पुढे पुस्तकात वाचले, मुलांना सांगितलेही. पण आपण कोणाला हाणत होतो, हा हिशेब कधी मांडला नाही.

काल्लावेसीच्या त्या बुडालेल्या कुरणात हाउकी त्याच कामाला आली होती. बर्फ वितळला की हाउकीची वलगण. मोठी मादी लाखावर अंडी टाकते. ती गवताच्या काड्यांना चिकटतात, आणि नंतर त्यांच्याकडे कोणी पाहत नाही, आईसुद्धा नाही. पिले बोटभर झाली की एकमेकांनाही खातात. निसर्ग काही हळवा नाही. तरी गवतापर्यंत पोहोचू तर द्यायला हवे!

२०२१ च्या जूनमध्ये पुतण्याला घेऊन मी आमच्या त्याच बांधावर गेलो होतो. पाऊस उत्तम झाला होता, पाणीही चढले होते. रात्री दोन वाजेपर्यंत उभे राहून आम्हाला एक खेकडा दिसला. परत येताना मी पुतण्याला कारणे सांगितली. वर बंधारा झाला, वाळू काढली, लोक पाण्यात ब्लीचिंग पावडर टाकतात, विजेच्या तारा सोडतात. सगळी कारणे खरी होती. त्यांत कोयता मात्र मी घातला नव्हता.

तीन दिवसांनी आजोबा पुन्हा आले. मी जाऊ नये असे मनात होते, पण मासे धरणाऱ्याच्या मनाला फारशी किंमत नसते. तीच जागा. आधी एक दीड किलोची मिळाली, ती आजोबांनी आपल्यासाठी ठेवली. मग पुन्हा ते जड झाले. ही पहिलीपेक्षा थोडी लहान, पण पोट तसेच. आजोबांनी हातजाळे धरले आणि या खेपेला काही विचारलेच नाही. पकड माझ्या हातात दिली.

मी हात पाण्यात भिजवले. कोरड्या हाताने तिच्या अंगावरचा बुळबुळीत थर निघतो, तो निघू द्यायचा नसतो, हे त्यांनीच शिकवले होते. गळ सोडवताना अंगठ्याला दोन दात लागले, त्याची खूण अजून आहे. मग मी तिला पोटाखाली हात देऊन पाण्यातच धरून ठेवले. हाताला ते पोट लागत होते. आयुष्यभर ज्या बोटांनी मी गाबोळी ओळखली त्याच बोटांना ते लागत होते. कल्ले उघडत मिटत होते. माझी बोटे थंडीने मेली तरी ती जाईना. मला वाटले, मेली की काय. आणि मग तिने एकदा शेपूट हलवली, माझ्या तोंडावर पाणी उडवले आणि गवताकडे गेली.

"नो नीन," आजोबा म्हणाले. हा तिसरा. याचा अर्थ मला विचारू नका.

घरी रिकाम्या हाताने आलो तेव्हा हिने अंगठ्याला हळद लावली. काय झाले ते तिने विचारले नाही, मीही सांगितले नाही. तिला कळले असावे, कारण त्या रात्री जेवताना तिने माझ्या पानात न मागता दुसरा लाडू वाढला.

जूनच्या तिसऱ्या आठवड्यात नात झाली. मुलगी घरी आली त्या संध्याकाळी आजोबा दारात उभे, हातात एक डबा. आत बोटभर लांबीचे चांदीसारखे मासे, मुइक्कू. हे पाण्यातले सूक्ष्म जीव खाऊन राहणारे लहान मासे, यांचे बाळंतिणीला भय नाही. न्यूवोलाच्या कागदावर आजोबांनी आधी बोट ठेवून दाखवले आणि मगच डबा दिला. तिथले लोक त्यांना राईच्या पिठात घोळवून लोण्यात तळतात. हिने रवा, हळद आणि आपला मसाला लावला. आजोबांना खुर्ची दिली. काटेही कुरकुरीत होऊन खाता येतात.

मुलीने अकरा खाल्ले. बाराव्याला मी हात घातला तेव्हा तिने माझ्या हातावर चापट मारली.