जुनी कॅसेट की नवा अल्बम?

बँड म्हटला की आपल्याकडे डोळ्यांपुढे येतो तो वरातीपुढचा, लाल डगले घातलेल्या वादकांचा. ज्या बँडविषयी हे चार शब्द लिहावयाचे आहेत तो त्याहून अगदी निराळा. १९८४ साली मुंबईत काही तरुणांनी ‘रॉक मशीन’ या नावाने एक संघ उभा केला. गिटार, ड्रम व कीबोर्ड ही त्यांची वाद्ये आणि इंग्रजी ही त्यांच्या गाण्याची भाषा. पुढे १९९३ साली या संघाने आपले नाव बदलून ‘इंडस क्रीड’ असे ठेवले, आणि तेव्हापासून त्याच्या रसिकांत जो वाद सुरू झाला तो आमच्या पिंपळे सौदागरात तरी अद्याप मिटलेला नाही.

या वादातील वादी आमचे थोरले मामा, व प्रतिवादी त्यांचे शेजारी, ज्यांना आम्ही सारी मुले काका म्हणतो. मामांनी चिंचवडच्या एका कारखान्यात उभी हयात घालविली. काका मुंबईचे, हिंजवडीच्या नोकरीनिमित्त इकडे येऊन राहिलेले. पवनेच्या काठच्या या गावातील शेते जाऊन तेथे उंच इमारती उठल्या, तशा एका इमारतीत या दोघांची गाठ पडली. नळाचे पाणी, गणपतीची वर्गणी, वाहनांची गर्दी या सर्व प्रश्नांवर उभयतांचे संपूर्ण एकमत आहे. मात्र रविवारी चहाच्या वेळी या बँडचे नाव कोणी काढले की मामी कप उचलून आत नेतात.

मामांचे म्हणणे समजण्यासाठी तो काळ समजला पाहिजे. त्या दिवसांत आपल्याकडील रॉक बँड बहुधा परदेशी गायकांची गाणीच वाजवीत. नक्कल जितकी हुबेहूब तितक्या टाळ्या अधिक. मुंबईत धोबी तलावानजीक, सेंट झेवियर महाविद्यालयाच्या शेजारी, रंगभवन नावाचे खुले नाट्यगृह आहे. तेथे हजारो विद्यार्थी असली गाणी ऐकण्यासाठी जमत. अशा वेळी आपली गाणी आपणच रचावी व आपणच गावी, हे धाडस ‘रॉक मशीन’ने केले. ‘रॉक अँड रोल रेनेगेड’ हा त्यांचा अल्बम १९८८ साली व ‘द सेकंड कमिंग’ हा १९९० साली निघाला. मामांजवळ या दोहोंच्या कॅसेटी अजून आहेत. फीत गुंतली की पेन्सिल घालून ती कशी गुंडाळावी, हे ते आम्हांला इतक्या गांभीर्याने दाखवितात की एखादा विधी चालला आहे असे वाटावे. कोणत्या बाजूला कोणते गाणे कोणत्या गाण्यानंतर येते, हे त्यांना पाढ्यासारखे पाठ आहे.

काकांना हे धाडस मान्य आहे. ते म्हणतात, “अरे, शब्द तुमच्या मित्रांचे होते, पण आवाज कोणाचा होता? केस परदेशी, कपडे परदेशी, गाण्यातला राग व प्रेमसुद्धा परदेशी! स्वतःचा आवाज त्यांना सापडला तो १९९५ सालच्या अल्बममध्ये.” त्या अल्बमला बँडचेच, म्हणजे ‘इंडस क्रीड’ हेच, नाव आहे. त्यात गाण्यांची घडण अधिक प्रौढ झाली असून कोठे कोठे आपल्याकडील संगीताचा स्पर्शही जाणवतो. काकांच्या मते हे घरी परत येणे होय. मामांच्या मते, बाहेरच्या लोकांना आपण हिंदुस्थानचे आहोत हे दाखविण्यासाठी लावलेला हा टिळा होय.

दोन्ही अल्बम मी लक्षपूर्वक ऐकले आहेत. संगीत म्हणून पाहता मला काकांची बाजू खरी वाटते. पहिल्या अल्बमातील ‘टॉप ऑफ द रॉक’ हे गाणे आजही ऐकणाऱ्याला जागेवर बसू देत नाही, हे कबूल. परंतु आधी कोणी न केलेली गोष्ट प्रथम करणे हा एक गुण, आणि ती उत्तम करणे हा दुसरा. मामा पहिल्या गुणाचे गुण दुसऱ्याच्या खात्यात मांडतात.

आपला पक्ष बळकट करावा म्हणून मी एके दिवशी आमच्या शाळेतील प्रार्थनेचा दाखला दिला. महाराष्ट्रात मिशनरी लोक आले तेव्हा त्यांनी इंग्रजी भजनांची भाषांतरे करून ती विलायती चालींवर गावयास लावली. पुढे रेव्हरंड नारायण वामन टिळक यांनी १८९५ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारला, व अहमदनगरास राहून अभंग आणि ओवी यांच्या वळणावर ख्रिस्ती गीते रचिली. जुन्या चालींत वाढलेल्या मंडळींना त्यांच्या चाली प्रिय असणे स्वाभाविक होते. पण आज टिळकांची गीते गाताना ती उसनी आहेत असे कोणास वाटते काय? “मामा, तुमचा बँड तरी दुसरे काय करीत होता?” असे मी विचारले.

मामा थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “टिळकांनी नुसती चाल बदलली नाही, बाळ. त्यांनी मराठीत लिहिले. हे लोक इंग्रजीतच गात राहिले. आवाज आपला असे म्हणायचे, तर भाषेपर्यंत जायला हवे होते.”

या उत्तरावर मला अद्याप प्रत्युत्तर सुचलेले नाही. काकांनाही सुचले नाही. ते चहा गार झाल्याची तक्रार करू लागले.

१९९७ साली हा बँड मोडला. त्याचे गायक उदय बेनेगल व गिटारवादक जयेश गांधी न्यूयॉर्कला गेले व तेथे त्यांनी ‘आम्स फॉर शांती’ नावाचा नवा संघ काढला. १९९७ नंतर मामांनी आपली गिटार कापडात गुंडाळून माळ्यावर टाकली, असे मामी सांगतात. मामा गिटार वाजवीत असत हेच आम्हांला ठाऊक नव्हते.

पुढे २०१० साली बँड पुन्हा एकत्र आला आणि २०१२ साली ‘इव्हॉल्व’ हा अल्बम निघाला. येथे मोठी मौज झाली. सतरा वर्षे नव्याची कड घेणारे काका तो ऐकून म्हणाले, “छे! ९५ ची सर नाही.” नवे ते नवे म्हणून जे अंगावर घेतले होते, तेच आता त्यांचे जुने झाले होते! मामांना त्या दिवशी इतके हसू आले की मामी बाहेर येऊन पाहून गेल्या, असे आई सांगते. मामांनी मात्र त्यातील ‘फायरफ्लाइज’ हे गाणे पुन्हा लावावयास सांगितले, व त्याविषयी बरेवाईट काहीच बोलले नाहीत.

गेल्या दिवाळीत माळा झाडताना त्या गिटारीबरोबर एक दोनशे पानी वही निघाली. तीत मामांनी रचलेली तीन गाणी होती. दोन इंग्रजी, तिसरे मराठी. तिसऱ्याचे शेवटचे कडवे अपुरे. पहिल्या पानावर तारीख होती ती १९८९ सालची, म्हणजे त्या पहिल्या कॅसेटनंतरच्या वर्षाची. काकांनी वही हातांत घेतली, उभ्याउभ्याच सर्व वाचली, आणि आयुष्यात प्रथमच ‘रॉक मशीन’विषयी एकही वाकडा शब्द काढला नाही. दुसऱ्या दिवशी ते चिंचवडहून गिटारीच्या सहा तारा घेऊन आले.

तारा चढल्या, गिटार सुरात लागली. मराठी गाण्याचे अपुरे कडवे मामा अजून जुळवीत आहेत. दरम्यान त्या गाण्यास तबल्याची साथ घ्यावी, असे काकांचे ठाम मत पडले असून, साथीला ड्रमच हवा असे मामांचे म्हणणे आहे. गेले तीन रविवार मामी कप उचलून आत नेत आहेत.