दाराच्या पोटातले यंत्र

मोटारीचे दार लागताना एक नव्हे, दोन ‘खट्’ होतात. जोराने आपटणाऱ्याला ते एकच वाटतात. हलक्या हाताने लोटणाऱ्याला दोन्ही ऐकू येतात. दाराच्या कडेला बसवलेल्या लॉकमध्ये मधोमध खाच असलेला एक पोलादी आकडा असतो, आणि समोरच्या खांबावर एक जाड कडी. गॅरेजात तिला स्ट्रायकर म्हणतात. दार आत लोटले की कडी खाचेत शिरते आणि आकड्याला फिरवते. फिरलेला आकडा परत येऊ नये म्हणून शेजारची स्प्रिंगवाली खिट्टी त्याच्या दात्यात पडते. पहिल्या दात्याला दार अर्धे लागते, दुसऱ्याला पुरते. अर्धे लागलेले दार खडखडते, पण उघडत नाही, आणि ही सोय मुद्दाम ठेवलेली आहे. अपघातात गाडीबाहेर फेकला गेलेला माणूस दगावण्याची शक्यता फार वाढते, हे 1950च्या दशकात अमेरिकेत झालेल्या अपघातांच्या अभ्यासातून पुढे आले आणि दारांची लॉके मजबूत होऊ लागली. तिथल्या नियमानुसार पुरत्या लागलेल्या लॉकने 11,000 न्यूटन, म्हणजे सुमारे अकराशे किलोंचा, ओढा सोसला पाहिजे. अर्ध्या लागलेल्याने 4,450 न्यूटन. तळहाताएवढ्या डब्यासाठी ही कामगिरी थोडी नव्हे.

किल्ली फिरवल्याने मात्र या पकडीत काडीचाही फरक पडत नाही. लॉक केलेले दार आणि नुसते लावलेले दार सारखेच घट्ट असते. किल्ली एवढेच करते, की हँडलची ओढ खिट्टीपर्यंत पोहोचू देत नाही. बाहेरचे हँडल, आतले हँडल, खिडकीच्या काठावरची लॉकची कळ आणि किल्लीचे नळकांडे अशा चार ठिकाणांहून चार बारीक सळया दाराच्या पोटातून लॉककडे जातात, आणि कळसूत्री बाहुलीच्या दोऱ्यांप्रमाणे त्यांतली एक निसटली की तेवढाच अवयव लुळा पडतो. म्हणून ‘लॉक बिघडले’ ही तक्रार बहुतेक वेळा खोटी असते. लॉक शाबूत असते. त्याच्याकडे निरोप पोहोचत नाही.

दोष कुठे आहे, हे दार न खोलताही बरेचसे कळते. आतून उघडते पण बाहेरून नाही, तर बाहेरच्या हँडलची सळी पाहावी. मागचे दार बाहेरून उघडते पण आतून नाही, तर काहीच बिघडलेले नसण्याची शक्यता मोठी: दाराच्या कडेवरची चाइल्ड लॉकची चिमुकली कळ गाडी धुताना कुणाच्या तरी बोटाने सरकलेली असते. या एका कळीपायी कितीतरी दारे उगाच खोलली जातात. दार लागतच नसेल, आपटले की परत येत असेल, तर दार उघडे असतानाच आकडा फिरून बसलेला असतो. हँडल ओढून धरावे आणि आकडा स्क्रू ड्रायव्हरने बाहेरच्या बाजूला ढकलावा. खर्च शून्य.

खोलायचेच झाले तर जुनी मारुती 800 हा उत्तम धडा आहे. 1983च्या डिसेंबरात रस्त्यावर आलेली आणि 2014पर्यंत बनत राहिलेली ही गाडी हाताने उघडण्याजोगी आहे, आणि तिच्या दारात वायरींचा पसारा नाही. प्रथम काच पूर्ण वर न्यावी. आतल्या हँडलमागचे आणि हातटेकूचे स्क्रू काढावेत. काच फिरवण्याच्या दांड्यामागे तारेची एक क्लिप दडलेली असते. दांडा आणि डोअर पॅड, म्हणजे दाराचे आतले आवरण, यांच्या फटीत फडक्याची पट्टी घालून ती मागेपुढे ओढली की क्लिप सुटते, आणि बहुधा गाडीखाली जाऊन पडते. मग डोअर पॅड. ते प्लॅस्टिकच्या बुचांवर बसवलेले असते, आणि प्रत्येक बुचाच्या अगदी जवळ पट्टी घालूनच उचकटावे लागते. मधूनच ओढले तर पॅडचा पुठ्ठा फाटतो. नव्या गाड्यांत, विशेषतः बाजूला एअरबॅग असल्यास, या सगळ्याआधी बॅटरीची निगेटिव्ह वायर काढावी.

पॅडमागे प्लॅस्टिकचा एक कागद डिंकासारख्या काळ्या लगद्याने चिकटवलेला दिसतो. पॅकिंगचा उरलेला कागद समजून तो फाडून टाकणारे लोक पुढच्या पावसाळ्यात पस्तावतात. दाराचे पोट ही मुळातच ओली जागा आहे. काचेवरून ओघळणारे पाणी रबराला चुकवून आत उतरते आणि दाराच्या तळाशी असलेल्या भोकांतून बाहेर पडते. हा कागद ते पॅडकडे आणि पायांकडे येऊ देत नाही. कोकणात लाल चिखलाने ही भोके बुजतात, पाणी आतच साचते, आणि जून ते सप्टेंबर लॉक दमट हवेत लटकत राहते. त्याचे ग्रीस आधीच धुळीने घट्ट झालेले असते. खिट्टी आळसावते ती इथे.

सळ्यांची टोके प्लॅस्टिकच्या छोट्या क्लिपांनी अडकवलेली असतात. उन्हाने कडक होऊन तुटणारा भाग बहुधा हाच. पुण्यात नाना पेठेत किंवा मुंबईत ऑपेरा हाउसला तुटकी क्लिप दाखवली की तशीच मिळते. तिच्याऐवजी तार गुंडाळणे हा घरगुती उपाय फार लोकप्रिय आहे आणि वाईट आहे: तार सैल होते, सळी खडखडते आणि एके दिवशी भलत्याच ठिकाणी अडकते.

लॉक जड चालत असेल तर दाराच्या कडेवरचे स्क्रू काढून ते बाहेर घ्यावे. हे स्क्रू चिवट असतात, म्हणून नेमक्या मापाचा ड्रायव्हर हवा. गंज सोडवणारा स्प्रे मारून, ब्रशने घासून जुना चिकट थर काढावा. हा स्प्रे पातळ असतो आणि लवकर उडून जातो, त्यामुळे वर पांढरे लिथियम ग्रीस लावल्याखेरीज काम पुरे होत नाही. किल्लीच्या नळकांड्यात मात्र तेल किंवा ग्रीस नको, कारण त्यावर धूळ बसते. तिथे ग्रॅफाइटची पूड. मऊ पेन्सिलीचे शिसे किल्लीवर घासले तरी चालते.

सेंट्रल लॉक असलेल्या गाडीत सळीच्या जोडीला 12 व्होल्टची एक छोटी मोटर असते. ती गप्प झाली तर दार आणि खांब यांमधल्या रबरी नळीतल्या वायरी आधी पाहाव्यात. दार उघडताना दर वेळी वाकून त्या आतल्या आत तुटतात. वायरी नीट असतील तर मोटर बदलावी.

आकड्याचा दाता झिजला असेल किंवा खिट्टीची स्प्रिंग तुटली असेल, तर घरच्या दुरुस्तीची हद्द संपली. तिथे कानस, वेल्डिंग किंवा उसनी स्प्रिंग चालणार नाही. पूर्ण लॉक नवे बसवावे.

शेवटची चाचणी दार उघडे ठेवूनच घ्यायची. आकडा स्क्रू ड्रायव्हरने फिरवावा, दोन ‘खट्’ मोजावेत, मग प्रत्येक हँडलने आणि किल्लीने तो सुटतो की नाही ते पाहावे. सुटला तरच कागद चिकटवावा, तळाची भोके मोकळी करावीत, पॅड लावावे. ही चाचणी टाळून दार बंद केले आणि ते अडकले, तर लॉकचे स्क्रू बंद दाराच्या कडेत अडकतात आणि तिथवर कुठलाही ड्रायव्हर पोहोचत नाही.