कर्नाळ्याची सोंड

कोकणात जाणाऱ्या निम्म्या मुंबईने कर्नाळ्याचा सुळका गाडीच्या काचेतून पाहिलेला असतो. पळस्पे फाटा मागे पडला की थोड्याच वेळात तो दगडी अंगठा आभाळात उभा दिसतो, कुणीतरी ‘तो बघ कर्नाळा’ म्हणतं आणि गाडी खिंड ओलांडून पेणच्या दिशेने निघून जाते. जानेवारीच्या अखेरीस मावशी म्हणाली, “गुडघे चालतायत तोवर एकदा वर घेऊन चल गं.” आम्ही दोघी भल्या सकाळी अभयारण्याच्या दाराशी उतरलो.

दारावर पिशवी उघडून प्लास्टिकच्या बाटल्या मोजल्या गेल्या, अनामत घेतली गेली. येताना बाटल्या दाखवायच्या आणि पैसे परत घ्यायचे. ही पद्धत मला फार आवडली. 1968 साली पक्ष्यांसाठी राखलेलं हे रान सुरुवातीला जेमतेम साडेचार चौरस किलोमीटरचं होतं. 2003 मध्ये ते वाढवून बारा चौरस किलोमीटरच्या आसपास झालं. एवढ्याशा जंगलाला कचरा पचत नाही.

आणि आवाजही पचत नाही. मुंबई-गोवा महामार्ग या अभयारण्याच्या अंगावरूनच जातो. चौपदरीकरणात कडेची झाडंही गेली. सुरुवातीच्या वाटेवर ट्रकचे हॉर्न आणि उतारावरचे ब्रेक सतत कानावर येत होते. पण वाट झाडीत शिरून चढाला लागली, एक वळण गेलं, आणि रस्त्याचा आवाज एकाएकी तुटला. मावशी थांबलीच. “आता ऐकू यायला लागलं बघ,” म्हणाली.

सर्वांत आधी ऐकू आला तो भृंगराज. काळाभोर पक्षी, डोक्यावर तुरा, शेपटीला दोन लांब तारा आणि तारांच्या टोकाला पिसांची पळी. हा इतर पक्ष्यांच्या आवाजाच्या हुबेहूब नकला करतो. वेगवेगळ्या शिळा ऐकून आम्ही वर पाहत राहिलो, आणि त्या सगळ्या एकाच फांदीवरून येत होत्या. पुढे एका काटेसावरीखाली मावशीने बसकण मारली. झाडावर एक पान नव्हतं, नुसती लाल फुलं. खाली पडलेलं एक फूल उचललं तर हाताला चांगलंच जड लागलं. जाड, चामड्यासारख्या पाच पाकळ्या, आत केसरांचा भरगच्च झुबका. तळाशी अजून ओलावा होता आणि त्यात मुंग्या. वर साळुंक्या, बुलबुल, कोतवाल मधासाठी भांडत होते आणि त्यांच्या झटापटीत फुलं धपाधप खाली येत होती. ही पडलेली फुलं भेकरं आवडीने खातात. म्हणजे वर पक्ष्यांची पंगत आणि खाली रात्री दुसरी.

नंतरचा चढ मात्र दमवतो. मुळं आणि धोंडे, त्यावर सागाच्या वाळक्या पानांचा थर. पाऊल टाकलं की पान सरकतं. काठी हवीच. मावशी दहा पावलं चालायची, श्वास घ्यायची, पुन्हा दहा पावलं. मला त्या चालीचा फायदाच झाला, कारण थांबल्याशिवाय जंगल दिसत नाही. एका ठिकाणी मोठ्या झाडाच्या शेंड्यातून हरियालांचा थवा उडाला. राज्यपक्षी म्हणून पुस्तकात पाठ केलेला हा पक्षी पानांत इतका मिसळलेला असतो की उडेपर्यंत तिथे पक्षी आहे याचा पत्ता लागत नाही.

कर्णाई देवीच्या देवळाशी टेकलो, मग किल्ल्याचा दरवाजा ओलांडून सोंडेवर आलो. ही धार लांबीला फार नाही, पण दोन्ही अंगांना दरी आणि समोर तो सुळका. शंभर-सव्वाशे फूट उंच, सरळसोट बेसॉल्ट. पायथ्याशी खडकात कोरलेली टाकी आहेत. बाहेर ऊन चटकत असताना तोंडाशी वाकलं तर आतून गार हवा येते. ईशान्येला प्रबळगड, त्याच्या बाजूला कलावंतिणीचं टोक, माथेरानची सपाटी, पूर्वेला माणिकगड. उत्तरेकडे पनवेलच्या इमारती धुरकटात.

इथे उभं राहिलं की महामार्ग पुन्हा ऐकू येतो, कारण मधली झाडी आता पायाखाली राहिलेली असते. त्याचं मला वाईट वाटलं नाही. घाटावरून उतरून बंदरांकडे जाणाऱ्या वाटेवर नजर ठेवायची म्हणूनच तर हा किल्ला इथे आहे. निजामशाही, पोर्तुगीज, मोगल सगळ्यांना तो हवा होता. 1665 च्या पुरंदरच्या तहात शिवरायांना जे तेवीस किल्ले द्यावे लागले त्यांत कर्नाळा होता, आणि 1670 मध्ये तो परत स्वराज्यात आला. क्रांतिकारक वासुदेव बळवंत फडके पायथ्याजवळच्या शिरढोणचे. त्यांचे आजोबा याच किल्ल्याचे किल्लेदार होते.

सुळक्याच्या कपारीत आग्या मोहोळांची पोळी लटकलेली होती. दुर्बिणीतून पाहिलं. काळपट अर्धचंद्र, पोळ्यावर माश्यांचा थर. मधूनच त्या थरावरून एक लाट झरझर फिरायची. गांधीलमाशीसारखा शत्रू जवळ आला की माश्या एकामागून एक पोटाची टोकं उचलतात आणि त्याला बिचकवतात, ती ही लाट. आम्ही दुरूनच पाहत होतो, एवढ्यात मागून गाणी वाजवत मुलांचा एक घोळका आला. त्यांच्यातल्या एकाच्या पाठीवर स्पीकर होता. मावशी उठून त्याच्यापाशी गेली आणि वर बोट दाखवून म्हणाली, “बाळा, बंद कर ते. त्या उठल्या तर इथून पळायला जागा नाही रे.” मुलांनी वर पाहिलं. स्पीकर लगेच बंद झाला. मग त्यातलाच एक जण दुर्बीण मागून घेऊन बराच वेळ पोळं न्याहाळत बसला.

आग्या माश्या चिडल्या की झुंडीने येतात आणि दूरवर पाठलाग करतात. या सोंडेवर माणसाला एकच अरुंद वाट आहे. तेव्हा कर्नाळ्याला जरूर जा. शनिवार-रविवार टाळा, सकाळी लवकर निघा, पाणी भरपूर घ्या. अत्तर लावू नका, वर विडी-सिगारेट पेटवू नका, दगड भिरकावू नका. आणि स्पीकर घरीच ठेवून या.