उरलेले तुकडे



बेळगावच्या आमच्या धर्मग्रामात दर गुरुवारी संध्याकाळी, मिस्सा आटोपली की, आम्ही चौघे सभागृहात संगणकापुढे बसतो. जुनी प्रवचने आणि प्रार्थना-विनंत्यांची पत्रे स्कॅन करायची, त्यातला मजकूर संगणकाकडून वाचून घ्यायचा आणि त्याचे छोटे तुकडे करून ठेवायचे, म्हणजे शब्द टाइप केला की नेमका परिच्छेद सापडतो. हा प्रोग्राम आमच्यातल्याच एका तरुणाने लिहिला आहे. त्याने कोड बदलला की बाकीच्यांनी तो ओळ न् ओळ वाचून मगच मान्य करायचा, असा आमचा नियम.

एकदा एक आजोबा आले. वडिलांच्या अंत्यविधीच्या वेळी झालेले क्षमेवरचे प्रवचन त्यांना पुन्हा वाचायचे होते. कागद स्कॅन केल्याचे आम्हाला पक्के आठवत होते. ‘क्षमा’ शोधले, काहीच आले नाही. लॉगमध्ये, म्हणजे प्रोग्रामच्या रोजनिशीत, एकही तक्रार नव्हती. आजोबा निमूटपणे परत गेले.

मग आम्ही कोड वाचला. नव्या बदलात मजकूर दर १००० बाइटला कापला जात होता. यूटीएफ-८ मध्ये इंग्रजी अक्षराला एक बाइट पुरतो. देवनागरी असो वा कन्नड, प्रत्येक चिन्हाला तीन लागतात. ‘क्षमा’ म्हणजे क, हलन्त, ष, म आणि काना: पाच चिन्हे, १५ बाइट. सुरी नेमकी या शब्दावर, तीही एका चिन्हाच्या मधोमध पडली होती. दोन्हीकडचे तुकडे वाचता येईनात, म्हणून प्रोग्रामने ते टाकून दिले. पूर्वी अशा वेळी लॉगमध्ये इशारा उमटत असे. त्याच बदलात तो बंद केला होता.

“स्क्रीन सारखी भरून जायची, म्हणून बंद केला,” तो तरुण खाली मान घालून म्हणाला.

आम्ही काय बोलणार? तो बदल आम्हीच दोन मिनिटांत मान्य केला होता. मत्तयाच्या १८व्या अध्यायात चुकलेल्या भावाला एकांतात गाठायला सांगितले आहे. इथे चुकलेले आम्ही चौघेही होतो. आम्ही त्याला म्हणालो, “अरे, लिहिलेस तू, पण न वाचता होकार आम्ही दिला.”

आता मजकूर परिच्छेद संपेल तिथे कापतो. परिच्छेद फार लांब असेल तर वाक्य संपेल तिथे. शेवटचे वाक्य पुढच्या तुकड्यातही ठेवतो. कारण कुठेही कापले तरी काहीतरी तुटतेच. यशयातले दुःख सोसणाऱ्या सेवकाचे गीत ५२:१३ ला सुरू होते आणि मध्येच ५३वा अध्याय लागतो.

लॉग दुरुस्त करताना आणखी एक गोष्ट दिसली. बिघडलेल्या तुकड्याचा सगळा मजकूर त्यात छापला जात होता. चाचणी घेताना स्क्रीनवर एका आईची, मुलाच्या दारूबद्दलची विनंती उमटली. ती वेदीपुढे ठेवलेली होती, आमच्यासाठी नव्हती. या वेळी आम्ही बदल परत पाठवला. आता लॉगमध्ये फाइलचे नाव, पान, तुकड्याचा क्रमांक आणि अडचणीचे कारण एवढेच असते. शेवटी केलेले तुकडे आणि साठवलेले तुकडे मोजले जातात. आकडे जुळले नाहीत तर काम थांबते.

योहानाच्या ६व्या अध्यायात पाच हजारांना जेवू घातल्यावर येशूने शिष्यांना उरलेले तुकडे वेचायला लावले. टोपल्या किती भरल्या तेही लिहून ठेवले आहे: १२. आणि पौल करिंथकरांना पहिल्या पत्रात सांगतो की प्रीती अपकारांचा हिशेब ठेवत नाही. तुकडे मोजावेत, कुणाच्या जखमा नोंदवू नयेत, हे आम्ही त्या गुरुवारी शिकलो.

प्रवचन सापडले. आम्ही ते छापून आजोबांच्या घरी नेऊन दिले, आणि उशिराबद्दल क्षमा मागितली.

हे प्रभू, आमच्या हातून निसटलेले तुकडे तू वेच, आणि एकमेकांचे काम जपून वाचण्याचा धीर आम्हाला दे. आमेन.