रिपोर्ट येण्याआधीची प्रार्थना



"डॉक्टर, बाकी काही नाही हो, पण डोक्यातली काळजी जात नाही." दवाखान्यात हे वाक्य मी जवळजवळ रोज ऐकतो. कुणाची शुगर वाढलेली असते, कुणाच्या मुलाला नोकरी नसते, कुणाची उद्या सोनोग्राफी असते. एरवी मी इथे आजार आणि औषधांविषयी लिहितो. आज थोडे स्वतःविषयी लिहितो आहे. मी ख्रिस्ती आहे, त्यामुळे प्रार्थनेविषयी लिहिताना शब्द माझ्या घरातलेच येतील. तुमची श्रद्धा वेगळी असली तरी काळजी सगळ्यांना सारखीच छळते, म्हणून वाचावे ही विनंती.

काळजी शरीरात काय करते?

भीती ही शरीराची संरक्षण व्यवस्था आहे. समोर साप दिसला की मेंदू धोक्याची घंटा वाजवतो, ॲड्रिनलिन वाढते, छाती धडधडते, श्वास जोरात चालतो, स्नायू ताठ होतात. साप निघून गेला की काही वेळाने सगळे पूर्ववत होते. काळजीतला साप मात्र मनात असतो, तो निघून जात नाही. म्हणून ती घंटा दिवसरात्र वाजत राहते. झोप उडते, पोट बिघडते, मान आणि खांदे दुखतात, चिडचिड होते. "सगळे रिपोर्ट नॉर्मल, तरी मला त्रास होतो," असे पेशंट म्हणतो तेव्हा तो खोटे बोलत नसतो.

आठ दिवस

काही वर्षांपूर्वी माझा खोकला लांबला म्हणून छातीचा एक्स-रे काढला. उजव्या फुफ्फुसाच्या वरच्या भागात डाग होता. थुंकीच्या तपासणीत जंतू सापडले नाहीत. सीटी स्कॅन झाला, मग सुईने तुकडा काढून तपासणीला पाठवला. रिपोर्ट यायला आठ दिवस लागणार होते.

अशा डागाची कारणे कोणती, हे मी इतरांना शांतपणे समजावतो. स्वतःच्या बाबतीत त्या यादीतले एकच नाव डोळ्यांसमोर राहिले. दवाखाना बंद ठेवला होता, त्यामुळे विचार करायला वेळच वेळ. रात्री तीनला जाग यायची आणि पहाटेपर्यंत छताकडे बघत पडायचो. प्रार्थना करत होतो, पण ती एकाच वाक्याची होती, देवा, माझी काळजी दूर कर. पुन्हा पुन्हा तेच.

माझी आई मिशन हॉस्पिटलमधून निवृत्त झालेली नर्स. चौथ्या दिवशी सकाळी चहा देताना तिने विचारले, "काय मागतोस देवाकडे?" मी सांगितले. ती म्हणाली, "अरे, तुझ्याकडे येऊन कोणी 'मला बरं करा' एवढंच म्हटलं तर चालतं का तुला? कुठे दुखतं, कधीपासून, कशाने वाढतं, सगळं विचारतोस ना? मग देवाला तेवढं तरी नीट सांग."

त्या रात्री मी वही घेतली आणि भीती नावानिशी लिहून काढली. मुलगी दहावीला आहे, तिचे काय? दवाखान्याच्या जागेचे कर्ज कोण फेडणार? श्वास घेता येईनासा झाला तर? मी नसताना आईकडे कोण बघणार? लिहिताना हात थरथरत होता. मग एकेक ओळ वाचून देवाला सांगितली. काही गोष्टींबाबत माझ्या हातात काम होते. कर्जाची कागदपत्रे एका जागी लावणे, पत्नीला सगळे व्यवहार समजावून सांगणे, विमा तपासणे. ती कामे मी दुसऱ्या दिवसावर ठेवली. उरलेल्या गोष्टी माझ्या हातात नव्हत्याच. त्यांच्यापुढे मी एवढेच लिहिले, "हे तुझ्याकडे."

दुसऱ्या रात्रीही तेच केले. पाचव्या रात्री मी सलग सहा तास झोपलो.

आठव्या दिवशी रिपोर्ट आला. क्षयरोग निघाला. सहा महिने गोळ्या घेतल्या आणि बरा झालो. पण प्रार्थनेमुळे रिपोर्ट चांगला आला, असे मी कधीच म्हणत नाही. त्याच दिवशी रिपोर्ट घ्यायला आलेल्या एका बाईंच्या हातात जपमाळ होती. त्यांना कॅन्सर निघाला. त्यांची प्रार्थना माझ्यापेक्षा कमी होती, असे म्हणायला माझी जीभ धजावणार नाही. माझ्यापुरते बोलायचे तर प्रार्थनेचे उत्तर मला पाचव्या रात्रीच मिळाले होते, रिपोर्ट येण्याआधी.

येशूलाही भीती वाटली होती

मंडळीतले काही लोक म्हणतात, काळजी करणे म्हणजे विश्वास कमी असणे. आधीच घाबरलेल्या माणसावर हे अपराधाचे ओझे लादणे आहे. शुभवर्तमानात गेथशेमाने बागेतला प्रसंग वाचा. अटकेच्या रात्री प्रभू येशू व्याकूळ झाला. हे दुःख टळावे, अशी त्याने विनंती केली, तीही पुन्हा पुन्हा. त्याचा घाम रक्ताच्या थेंबांसारखा पडत होता, हा तपशील लूकच्या शुभवर्तमानात आहे, आणि पवित्र शास्त्र लूकला वैद्य म्हणते. दुःख टळले नाही. पण बागेतून उठून तो पुढे चालू लागला तेव्हा त्याचे पाऊल डगमगत नव्हते. विश्वास म्हणजे भीती नसणे नव्हे. भीती कुणाजवळ तरी मोकळी करून पुढचे पाऊल टाकणे, असा अर्थ मी त्यातून घेतो.

विज्ञान काय म्हणते?

दोन अभ्यास सांगतो. २००१ साली ब्रिटिश मेडिकल जर्नलमध्ये इटलीतील संशोधकांचा लहानसा अभ्यास प्रसिद्ध झाला. रोझरीची लॅटिन प्रार्थना किंवा योगातील मंत्र लयीत म्हटला की श्वास मिनिटाला साधारण ६ पर्यंत संथ होतो आणि हृदयाची लय व रक्तदाब सांभाळणारी यंत्रणा अधिक चांगली चालते, असे त्यात दिसले. दुसरा अभ्यास अमेरिकेतला, २००६ सालचा. बायपास झालेल्या १८०२ रुग्णांपैकी काहींसाठी अनोळखी लोकांनी मध्यस्थीची प्रार्थना केली. त्याने शस्त्रक्रियेनंतरची गुंतागुंत कमी झाली नाही.

मला दोन्ही निष्कर्ष मान्य आहेत. प्रार्थना म्हणजे गोळी नव्हे. ती प्रार्थना करणाऱ्याला सावरते, आणि सावरलेला माणूस तपासण्या टाळत नाही, औषधे वेळेवर घेतो.

तुम्हाला करून पाहायचे असेल तर

• झोपण्यापूर्वी दहा मिनिटे शांत बसा, श्वास सावकाश सोडा.
• काळजी मोघम ठेवू नका, नाव घेऊन सांगा किंवा लिहा.
• जे तुमच्या हातात आहे, त्यातले उद्याचे एकच काम ठरवा.
• जे हातात नाही, ते देवाच्या स्वाधीन करा. सकाळी ते पुन्हा तुमच्याकडे आलेले दिसेल. रात्री पुन्हा द्या.
• कुणीतरी सोबत प्रार्थना करायला असेल तर उत्तम. एकट्याने ओझे वाहू नका.

आणि हे महत्त्वाचे. काळजी आठवडेच्या आठवडे टिकली, झोप आणि भूक उडाली, अचानक जीव घाबरा होऊ लागला, रोजची कामे जमेनाशी झाली, तर तो आजार असू शकतो आणि त्यावर उपचार आहेत. मानसोपचारतज्ज्ञाकडे जाणे हा अविश्वास नाही. जगणे नकोसे वाटत असेल तर थांबू नका. सरकारच्या टेलिमानस सेवेला १४४१६ या क्रमांकावर, दिवसा किंवा रात्री केव्हाही, मोफत फोन करता येतो.

रात्री तीनला जाग येणारे तुम्ही एकटे नाही. उद्या सकाळी दवाखान्यात या, आपण बोलू.