रेघ आणि हसू

पाणी चढत जातं आणि मांजरही चढत जातं. आधी छपरावर, मग कुणीतरी कधीकाळी घडवून ठेवलेल्या भल्याथोरल्या मांजराच्या पुतळ्याच्या डोक्यावर. त्यापुढे चढायला जागाच उरलेली नसते. माणसं कुठे गेली, हे कुणी सांगत नाही. घर आहे, बिछाना आहे, मांजराची चित्रं आहेत. ती काढणारा हात मात्र नाही. अगदी शेवटच्या क्षणी शिडाची एक होडी वाहत येते. तिच्यात एक कॅपिबारा निवांत बसलेला असतो. मांजर उडी मारतं, आणि ‘फ्लो’ नावाचा चित्रपट खऱ्या अर्थाने सुरू होतो.

गेल्या काही दिवसांत पाहिलेल्या चित्रपटांत हा माझ्या मनात सगळ्यात खोल उतरला. त्यात एकही शब्द नाही. प्राणी माणसांसारखे बोलत नाहीत, गाणी म्हणत नाहीत, उपदेश करत नाहीत. मांजर मांजरासारखं फिस्कारतं, कुत्रा कुत्र्यासारखा शेपूट हलवतो, लेमूर सापडेल ती चमकती वस्तू टोपलीत गोळा करतो आणि तिच्यावर जीव लावतो. उंच पायांचा सेक्रेटरी पक्षी या मांजराची बाजू घेतो म्हणून त्याचाच थवा त्याचा पंख मोडतो. त्यानंतर तो होडीचं सुकाणू धरून उभा राहतो, तेव्हा त्याच्या मानेच्या ताठ रेषेत अभिमान आणि एकटेपण दोन्ही दिसतं. हे मला कुणी सांगितलं नाही, मी ते पाहिलं. दीड तासभर मी कान, शेपटी, पंख, बुबुळं वाचत राहिले. चित्रपट संपल्यावर खिडकीतून खाली पाहिलं, तर आमच्या सोसायटीतलं रोजचं मांजर भिंतीवरून चाललं होतं, आणि त्याचं अंग चोरणं, थबकणं, पुन्हा निघणं मी पहिल्यांदाच नीट पाहत होते.

गिंट्स झिलबालोडिस या तरुण दिग्दर्शकाने हा चित्रपट २०२४ साली केला तो लॅटव्हियात, वीस लाखांहूनही कमी वस्तीच्या देशात. त्यासाठी वापरलं ‘ब्लेंडर’ नावाचं सॉफ्टवेअर, जे कुणालाही फुकट मिळतं. आवाज खऱ्या प्राण्यांचे घेतले. पण कॅपिबाराचा खरा आवाज त्या धीरगंभीर जिवाला फारच किरटा वाटला, म्हणून त्याला उंटाच्या पिल्लाचा आवाज दिला. २०२५ साली या चित्रपटाला ऑस्कर मिळालं, त्या देशाचं पहिलंवहिलं. मला यातली सगळ्यात मोलाची गोष्ट वाटते ती प्रेक्षकावरची श्रद्धा. समोर बसलेल्या माणसाला डोळे आहेत, त्याला कळेल, या विश्वासावर अख्खा चित्रपट उभा आहे.

ॲनिमेशन आणि विनोद या दोन गोष्टी मी अलीकडे ठरवून पाहते आहे. आपल्याकडे दोघांनाही मागच्या बाकावर बसवलेलं असतं. एक ‘लहान मुलांचं’, दुसरं ‘टाइमपास’. ‘इनसाइड आउट २’ला मी एकटी गेले, तेव्हा तिकीटखिडकीवरच्या मुलाने ‘एकच?’ असं विचारून माझ्या मागे, खाली, मुलाच्या उंचीवर नजर टाकली. त्यात त्याचा काही दोष नव्हता; आपल्या सगळ्यांचीच नजर तशी घडली आहे. पण जितकं पाहत जाते, तितकं मला वाटतं की या दोन प्रकारांत करणाऱ्याची कसोटी सर्वांत कठीण असते. गंभीर चित्रपटात एखादा प्रसंग थोडा लांबला तरी निभावतो. विनोदाचं तसं नाही. त्याचा क्षण तव्यावरच्या पोळीसारखा असतो, अलीकडे कच्चा आणि पलीकडे करपलेला. आणि ॲनिमेशनमध्ये तर काहीच आपसूक घडत नाही. वाऱ्याने हललेलं पानसुद्धा कुणीतरी हलवलेलं असतं.

‘वॉलेस अँड ग्रोमिट: व्हेंजन्स मोस्ट फाउल’ पाहताना हे पदोपदी जाणवतं. ब्रिस्टलच्या आर्डमन स्टुडिओतली ही जोडी: चीज-बिस्किटावर प्रेम करणारा भाबडा संशोधक वॉलेस आणि त्याला प्रत्येक संकटातून सोडवणारा त्याचा कुत्रा ग्रोमिट. दोघंही मातीसारख्या मऊ प्लॅस्टिसिनची. बाहुली केसभर हलवायची, एक चित्र टिपायचं, पुन्हा केसभर हलवायची. पडद्यावरच्या एका सेकंदात चोवीस चित्रं सरकतात, म्हणून दिवसभर राबून हाती लागतात ते काही सेकंदच. पात्रांच्या अंगावर करणाऱ्यांच्या बोटांचे ठसे दिसतात आणि ते मुद्दाम पुसलेले नसतात. मला ते ठसे फार आवडतात. कुणीतरी या कुत्र्याच्या कपाळावरून प्रेमाने अंगठा फिरवला आहे, याची ती खूण असते.

ग्रोमिटला तोंड काढलेलंच नाही. त्याचा सगळा अभिनय भुवईत. ती अर्धी रेघभर वर गेली की काळजी, खाली आली की समजूतदारपणा, तिरकी झाली की ‘आता काय करून ठेवलंस?’ आणि त्याच्यासमोर खलनायक कोण, तर फेदर्स मॅकग्रॉ नावाचा पेंग्विन, ज्याला भुवईसुद्धा नाही! दोन काळे मणी आणि एक चोच. डोक्यावर लाल रबरी हातमोजा चढवला की तो कोंबडा झाला, असं सगळ्यांनी मानायचं. १९९३ सालच्या ‘द राँग ट्राउझर्स’मध्ये तो पहिल्यांदा आला, आणि इतक्या वर्षांनी परतला तोही चेहऱ्यावरची एक रेषा न हलवता. कालव्यातल्या संथ होड्यांमधून होणारा पाठलाग तर हसून हसून डोळ्यांत पाणी आणतो. वॉलेसने ग्रोमिटला थोपटण्यासाठीही यंत्र बनवलेलं असतं. कुत्रा ते निमूट सहन करतो, पण त्याला हवा असतो तो मालकाचा हात. यंत्रावर किती गोष्टी सोपवायच्या आणि कुठली गोष्ट आपल्या हाताने करायची, हा आजचा थोर प्रश्न एका थोपटण्यात मांडून हा चित्रपट मोकळा होतो.

माणसांच्या विनोदपटांतही मला हेच हवं असतं. किरण राव यांचा ‘लापता लेडीज’ (२०२४) पाहताना ते मिळालं. साल २००१. रेल्वेच्या डब्यात सारख्याच लाल घुंगटातल्या नव्या नवऱ्या. अंधारात, घाईत नवरदेव दीपक भलतीलाच घेऊन उतरतो, आणि त्याची नवरी फूल डब्यातच राहते. तिला सासरच्या गावाचं नावही धड सांगता येत नाही. पोलिसांत द्यायला हरवलेल्या बायकोचा फोटो आहे, पण फोटोत नुसता घुंगट. त्या एका फोटोवर थिएटर हसतं आणि हसता हसता आत काहीतरी खटकतं. चेहरा असा झाकलेला की हरवल्यावर शोधताही येऊ नये! हे वाक्य चित्रपटात कुणी बोलायची गरज उरत नाही.

स्टेशनवर चहाची टपरी चालवणाऱ्या मंजूमाईचं काम आपल्या छाया कदम यांनी केलं आहे. फूलला ती कुशीत घेत नाही, गोड बोलत नाही. कामाला लावते, आणि फूलने केलेला कलाकंद विकला गेला की तिच्या कमाईचे पैसे तिच्या हातावर ठेवते. तो कलाकंद खाताना छायाबाईंच्या चेहऱ्यावर जे येतं आणि लगेच मागे घेतलं जातं, ते मी पुन्हा पुन्हा पाहिलं. विनोदी चित्रपटात इतकं कमी करून इतकं उभं करायला धैर्य लागतं. रवी किशन यांचा पान चघळणारा फौजदार हिशेबी आहे, लाचखाऊ आहे. तरी शेवटी तो योग्य बाजूला उभा राहतो, तेव्हा चित्रपटाने त्याला धुतल्या तांदळासारखं केलेलं नसतं. तो आहे तसाच राहतो, फक्त त्याच्यातला माणूस दिसतो. शेवटाकडे काही संवाद जरा भाषणाकडे झुकतात, तेवढं मला कमी चाललं असतं.

मराठीत परेश मोकाशी यांनी लिहिलेला आणि आशिष बेंडे यांनी दिग्दर्शित केलेला ‘आत्मपॅम्फ्लेट’ (२०२३) मला असाच जवळचा वाटतो. एका शाळकरी मुलाच्या एकतर्फी प्रेमाची गोष्ट सांगता सांगता तो चित्रपट जात, धर्म आणि बदलत गेलेला देश यांच्याबद्दल बोलून जातो. ज्या विषयांवर घराघरांत आवाज चढतात, तिथे हा चित्रपट आवाज न चढवता हसवतो. कुणाला खाली पाडून मिळवलेलं हसू त्यात नाही. बर्लिनच्या महोत्सवात तो दाखवला गेला. आपल्याकडे मात्र तो पाहिलेली माणसं मला शोधावी लागतात.

सगळंच पटलं असं नाही. ‘इनसाइड आउट २’मधला चिंतेचा झटका अत्यंत खरा आहे. बर्फावरच्या हॉकीत त्यातली मुलगी एकटी बसते, श्वास अडकतो, आणि आत तिच्या मनात चिंता नावाचं ते नारिंगी पात्र स्वतःच्याच वावटळीत गोठून उभं असतं. त्या दोन-तीन मिनिटांसाठी तो चित्रपट प्रत्येक पालकाने पाहावा. पण त्याआधी आणि नंतर तो प्रत्येक भावनेचा अर्थ समजावून सांगतो, आणि समजावलं की माझं मन मागे सरकतं. ‘द वाइल्ड रोबॉट’चं जंगल कुंचल्याने रंगवल्यासारखं ओलं, जिवंत आहे. यंत्राने वाढवलेलं हंसाचं पिल्लू थव्याबरोबर आकाशात जातं, तो प्रसंग आईपणाबद्दलच्या कित्येक चित्रपटांना पुरून उरेल. उत्तरार्धात मात्र लढाई येते, आणि शांतपणाने कमावलेलं गोंगाटात खर्च होतं. २०२५ सालच्या ‘महावतार नरसिंह’ने आपल्या देशी ॲनिमेशनसाठी थिएटरं भरवली, याचा मला मनापासून आनंद झाला. खांब फोडून प्रकटणारा तो नरसिंह अंगावर येतो. पण प्रल्हादाच्या चेहऱ्यावर शांततेतले बारकावे अजून हवे होते. आणि आपल्या कितीतरी विनोदपटांत ‘आता हसा’ म्हणून सांगणारं पार्श्वसंगीत वाजतं, त्याला मी कधीच सरावणार नाही. ज्याला प्रेक्षकाच्या हसण्याची खात्री नसते, तोच वाद्याला कोपरखळी मारायला लावतो.

आपल्याला हे जमणार नाही, असं मात्र कुणी म्हणू नये. हे आपल्याच मातीत रुजलं होतं. दादासाहेब फाळक्यांनी ‘राजा हरिश्चंद्र’च्या आधी कुंडीतल्या वाटाण्याची वाढ थोडी थोडी टिपून त्याचं चलचित्र केलं होतं. कोंब माती सारून वर येतो, पानं उघडतात, आणि पाहणाऱ्यांच्या तोंडून आश्चर्याचे उद्गार निघतात. पुढे त्यांनी ‘आगकाड्यांची मौज’ केली. घरातल्या साध्या काड्या सरकवत, टिपत त्यांना नाचवलं. भारतातल्या ॲनिमेशनची पहिली पावलं अशी आगकाड्यांच्या पायांनी पडली. आज ती फिल्म उरलेली नाही. पुढे १९७४ साली विजया मुळे यांनी ‘एक अनेक और एकता’ केली. भीमसेन यांच्या रेषांनी सजलेली ती छोटी फिल्म दूरदर्शनवर लागली की स्वयंपाकघरातली आईसुद्धा हात पुसत बाहेर यायची. ती मुलांसाठी होती, पण पाहायचं सगळं घर. फाळक्यांच्या काड्यांपासून लॅटव्हियातल्या मांजरापर्यंत मोठा पैसा हा कधीच पहिला प्रश्न नव्हता. एकेक चित्र टिपत बसणाऱ्याची चिकाटी आणि समोरच्याला कळेल हा विश्वास, एवढ्यावर हे सगळं झालं आहे.

म्हणून माझं मत मी ठामपणे सांगते. हसवणारे आणि रेषांतून उभे राहणारे चित्रपट हे मोठ्या माणसांचे चित्रपट आहेत. दिवसभर आपल्याशी शब्दच शब्द बोलले जातात, मागण्या, सूचना, बातम्या, भांडणं. अशा वेळी एका भुवईवरून काळजी ओळखायला लावणारी, पंखाच्या उघडझापीतून मैत्री दाखवणारी ही कला आपली नजर पुन्हा तल्लख करते. चित्रपट संपल्यावरही ती नजर आपल्याजवळ राहते, घरातल्या न बोलणाऱ्या माणसाकडे पाहताना उपयोगी पडते.

तेव्हा पुढच्या वेळी असा चित्रपट जवळपास लागला, तर सोबतीला मूल शोधू नका. शेजाऱ्याचा नातू मोकळा आहे का, सुट्टी कधी आहे, याची वाट पाहू नका. स्वतःसाठी तिकीट काढा, जमलं तर घरातल्या म्हाताऱ्या माणसाला घेऊन जा. आणि मराठीत असं काही कुणी केलं, तर ते पहिल्याच आठवड्यात पाहा. दुसरा आठवडा त्याला मिळेलच असं नाही.