धरलं का?

मराठीत डोंगरांविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. गो. नी. दांडेकरांनी दुर्गांना मराठी गद्यात कायमचे घर मिळवून दिले. आनंद पाळंदे यांच्या 'डोंगरयात्रा'ने हौशी भटक्यांच्या पिढ्यांना वाटा दाखवल्या. १९९८ साली सुरेंद्र चव्हाण एव्हरेस्टवर पोचले आणि २०१२ साली पुण्याच्या 'गिरिप्रेमी' संस्थेचा संघ पोचला, त्या वेळी वर्तमानपत्रांचे रकाने भरून आले. या साऱ्या लेखनात कडे आहेत, सुळके आहेत, इतिहास आहे, थरार आहे. एक गोष्ट मात्र त्यातून सहसा गळते, ती म्हणजे गप्पा. जीपमध्ये, पायथ्याच्या चहाच्या टपरीवर, दोर गुंडाळताना, रात्री मुक्कामी खिचडी शिजेपर्यंत चाललेल्या निरुद्देश, चावट, कधी राजकीय, कधी निव्वळ वात्रट गप्पा. भाषेच्या माणसाला त्यांचे काही मोल वाटावे की नाही, हा प्रश्न मला बरीच वर्षे पडलेला आहे. निमित्त असे, की मी धाराशिव जिल्ह्यात मराठी शिकवतो आणि गेली पंधराएक वर्षे अशाच एका भटक्या गटात सामील आहे.

धाराशिव आणि गिर्यारोहण ही जोडी ऐकूनच पुण्या-मुंबईकडचे कातळवीर हसतात. त्यांचे चुकत नाही. आमच्याकडे कोकणकडा नाही, लिंगाणा नाही. बालाघाटाची रांग आहे, पण ती अंगावर येत नाही. दुपारच्या जेवणानंतर कुशीवर पहुडलेल्या थोरल्या माणसासारखी ती शांत आहे. गावाजवळची लेणी, हातलादेवीचा डोंगर, येडशीच्या रामलिंगाची दरी, ही आमची रविवारची ठिकाणे. (ही लेणी अपभ्रंशातल्या कनकामर मुनींच्या 'करकंडचरिउ'मध्ये येतात, हे मी दर वेळी सांगतो आणि दर वेळी मंडळी ते पहिल्यांदाच ऐकल्यासारखे दाखवतात.) नळदुर्गाला बोरी नदी अडवून केलेला पाणीमहाल आहे. परंड्याचा किल्ला तर चक्क भुईकोट. "तुमच्याकडचे गड दमून खाली बसलेत," असे एका सह्याद्रीवाल्याने आम्हाला एकदा सुनावले होते. खऱ्या कड्यासाठी आम्हाला रात्रभर प्रवास करावा लागतो. त्यामुळे आमच्या वाट्याला चढाई थोडी आणि गप्पा फार, हे प्रमाण भूगोलानेच ठरवून दिलेले आहे.

या गप्पांत जगातले काहीही वर्ज्य नसते. २०१९ च्या मे महिन्यात एव्हरेस्टच्या शिखराखाली लागलेल्या रांगेचे छायाचित्र जगभर फिरले. आमच्यातले वायरमन ते पाहून म्हणाले, "ही तर तुळजापूरची दर्शनबारी की ओ, नवरात्रातली! फक्त परडी नाही कुणाच्या हातात." पुढे सप्टेंबर २०२५ पासून नेपाळने एव्हरेस्टचा वसंतातला परवाना अकरा हजार डॉलरवरून पंधरा हजारांवर नेला, तेव्हा दर्शनपासाचा विनोद ओघाने आलाच. जुलै २०२५ मध्ये 'मराठा लष्करी भूप्रदेश' या नावाने बारा किल्ले जागतिक वारसा यादीत गेले. अकरा महाराष्ट्रातले, एक तमिळनाडूतला जिंजी. मराठवाड्यातला एकही नाही. त्यावर येडशीचा घाट चढेपर्यंत वाद झाला. भूगोलाच्या सरांनी समजावून सांगितले, की यादी मराठ्यांच्या दुर्गव्यवस्थेची आहे. नळदुर्गाचे आजचे रूप बहुतांशी आदिलशाहीतले, तेव्हा रुसायचे कारण नाही. वायरमन गंभीरपणे म्हणाले, "तसं नाही सर. दोन वर्षांमागं आपलं उस्मानाबादचं धाराशिव झालं. यादीवाल्यांना पत्ताच घावला नसंल."

गटात आणखी एक गडी आहे, परंडा तालुक्यातला तरुण शेतकरी. वयाने आमच्यात सर्वांत लहान, चढाईत सर्वांत पुढे. गिर्यारोहणाच्या सामानाचे मराठीकरण त्याने पहिल्याच महिन्यात उरकून टाकले. हार्नेस म्हणजे 'लंगोट'. कॅराबिनर म्हणजे 'कडी'. उतरताना वापरायचा इंग्रजी आठच्या आकाराचा डिसेंडर म्हणजे नुसता 'आठ'. खाली उभा राहून चढणाऱ्याचा दोर सांभाळतो, त्याला जगभर 'बिलेयर' म्हणतात. त्याच्या भाषेत तो 'कासऱ्यावरचा गडी'. त्याला दोराचे शब्द शिकवायला जावे तर तोच आपल्याला शिकवतो. बैलाचा कासरा वेगळा, गोठ्यातले दावे वेगळे, नाकातली वेसण वेगळी, ओझे बांधायचे चऱ्हाट वेगळे, मोटेचा नाडा त्याहून वेगळा. आजोबा घायपाताचा वाख काढून आणि अंबाडी भिजवून दोर कसा वळत, हे तो हातवारे करून सांगतो. युरोपातले आरोहकही पूर्वी अशाच वनस्पतींच्या धाग्यांच्या दोरावर भिस्त ठेवून कडे चढत. नायलॉन त्यानंतर आले; आणि १९५३ साली एडेलरीड या जर्मन कंपनीने आत धाग्यांचा गाभा व बाहेर विणलेले आवरण असा दोर काढला. आजचा आमचा दोर त्याच कुळातला. त्याचा विशेष असा, की तो ताणला जातो. माणूस पडला की दोर थोडा लांबतो आणि पडण्याचा झटका स्वतः पिऊन घेतो. न ताणणाऱ्या दोराने माणूस थांबेल खरा, पण कंबर मोडून घेऊन.

चढाईपूर्वी दोघांत एक संवाद व्हावा लागतो. चढणारा विचारतो, "बिले ऑन?" खालचा उत्तर देतो, आणि मगच पाय उचलायचा. आमच्या गड्याने हा संवादही बदलला. तो वरून विचारतो, "धरलं का?" आणि खालून आवाज येतो, "धरलं." या एका शब्दावर मी वर्गात व्याकरणाचा अर्धा तास घालवू शकेन. पडणे अजून घडलेले नाही, कदाचित घडणारही नाही. तरी आधार भूतकाळात दिला जातो. 'धरीन' असे म्हणून चालत नाही, 'धरतो' असेही नाही. जे वचन आधीच पुरे झाले आहे, त्याच्याच बळावर माणूस कातळाला हात घालतो.

दोराला आयुष्य असते आणि त्याची नोंदवही असते. कधी घेतला, कुठे वापरला, कोण किती उंचीवरून पडले, सारे त्यात लिहायचे. मोठा झटका बसलेला दोर वरून धडधाकट दिसला तरी माणसांसाठी बाद करायचा. नुसता कपाटात पडून राहिला तरी दहाएक वर्षांनी निवृत्त करायचा, असे बनवणारेच सांगतात. एका दुभत्या शेळीच्या किमतीचा दोर असा बाद करताना जीव तुटतो. पण दोराचा गाभा डोळ्यांना दिसत नाही. बोटांच्या चिमटीत धरून, वीत वीत पुढे सरकवत, कुठे मऊ पडला आहे का, कुठे पोकळ लागतो का, हे चाचपावे लागते.

माणसांचा गाभा तरी कुठे दिसतो? आमच्याच जिल्ह्यातल्या तेरच्या गोरोबाकाकांची कथा सर्वांना ठाऊक आहे. जमलेल्या संतांच्या मस्तकावर थापटणे मारून त्यांनी कोणते मडके पक्के, कोणते कच्चे ते सांगितले आणि प्रत्यक्ष नामदेव कच्चे ठरले. या कथेचा आध्यात्मिक अर्थ मी परीक्षेपुरता शिकवतो. भटक्यांच्या संगतीत मला तिचा दुसराही अर्थ लागला. गटातली थट्टा हे थापटणेच असते. नव्या माणसाच्या घोरण्यावर, सुटलेल्या पोटावर, नव्या कोऱ्या बुटांवर, पक्षावर, सासुरवाडीवर टोले बसतात. आणि आवाज कसा येतो ते सगळे कान देऊन ऐकत असतात. हा चिडतो का? हसून परत टोला देतो का? भीती वाटली तर वाटली म्हणतो का? ज्याच्या हाती आपला दोर द्यायचा, त्याच्याविषयी इतके तरी कळायला हवे. या थट्टेला एकच मर्यादा आहे. अर्ध्या वाटेवर "मला आज जमणार नाही" म्हणून जो मागे फिरतो, त्याची चेष्टा करायची नाही. हा नियम कुणी लिहिलेला नाही, पण तो मोडलेला मी पाहिलेला नाही. ज्या गटात माघारीची टिंगल होते, तिथे लोक लाजेपोटी वर जातात आणि लाजेपोटी वर गेलेला माणूस सर्वांनाच धोक्यात घालतो.

हौसेचे हे सामान हौसेपुरते उरत नाही, हेही महाराष्ट्राने पाहिले आहे. २८ जुलै २०१८ रोजी दापोलीच्या कृषी विद्यापीठातल्या कर्मचाऱ्यांची बस आंबेनळी घाटात कोसळली आणि तीस माणसे गेली, त्या वेळी महाबळेश्वर परिसरातले ट्रेकर दोर लावून त्या दरीत उतरले होते. १९ जुलै २०२३ च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली. वाडीपर्यंत गाडीरस्ता नव्हता. पावसात ती निसरडी वाट चढून जाणाऱ्यांत खोपोलीच्या 'यशवंती हायकर्स'ची मंडळी होती. यशवंती हे घोरपडीचे नाव तानाजीच्या दंतकथेतले. कड्याला घोरपड लावल्याची गोष्ट इतिहासाला मान्य नाही, पण त्या रात्री ते नाव उगीच ठेवलेले वाटले नसणार.

आमच्या भागातली खोली दरीची नसून विहिरीची आहे. जिल्ह्यात दोरावर सर्वांत अधिक लोंबकळणारी माणसे कुठल्याही गिर्यारोहण संस्थेत नाहीत. ती यारीवर कामाला आहेत. विहीर खणताना नाहीतर गाळ काढताना काठावर यारी उभी करतात. तारेला बादली, बादलीत मुरूम आणि बरेचदा बादलीच्या कडेला पाय टेकून, तार धरून उतरणारा माणूस. त्याला लंगोट नाही, कडी नाही, डोक्यावर शिरस्त्राण नाही आणि कुणी नोंदवहीही ठेवत नाही. वायरमन खांबावर चढताना कमरेला पट्टा बांधतात, म्हणून हे दृश्य त्यांना बघवत नाही. साहसी पर्यटनासाठी राज्याने २०२१ मध्ये धोरण आणले, त्यावर आमच्या जीपमध्ये मोठी चर्चा झाली होती. शेवटी वायरमन एवढेच बोलले, "हौसेनं चढणाऱ्याला नियम झाला, चांगलं झालं. पोटासाठी उतरणाऱ्याचं कोण बघायचं?" त्यावर कुणी विनोद केला नाही.

सप्टेंबर २०२५ मध्ये आमच्या जिल्ह्यावर पाऊस कोसळला. दुष्काळी म्हणून ओळखल्या जाणाऱ्या परंडा आणि भूम तालुक्यांत माणसे छपरांवर जाऊन बसली. काहींना हेलिकॉप्टरने काढावे लागले. सीना नदीने शेते नुसती बुडवली नाहीत, माती खरडून नेली. आमच्या गड्याचे घर वाचले. पीक गेले, वरची माती गेली आणि विहीर गाळाने भरून आत मोटार गाडली गेली.

तो फोनवर बोलत होता. 'हो', 'नाही', 'बघू' असे व्यवस्थित बोलत होता. दिवाळीनंतर एकदा भेटायलाही आला. भूगोलाच्या सरांनी त्याच्या दाढीवरून टोला टाकला. तो कसनुसा हसला, पण टोला परत आला नाही. पुन्हा कुणीतरी काहीतरी बोलले. तेही तसेच विरले. तो गेल्यावर आमच्यातल्या सिस्टर, ज्या आरोग्य केंद्रात रोज माणसांच्या नाड्या बघतात, हळूच म्हणाल्या, "सर, हा पोकळ वाजायलाय." या जिल्ह्यात हे वाक्य ऐकल्यावर शेतकऱ्याच्या बाबतीत मनात काय येते, ते इथे लिहायची गरज नाही.

पुढच्या रविवारी आम्ही डोंगरावर गेलो नाही, त्याच्या शेतावर गेलो. उपदेश करायचा नाही, एवढे जीपमध्ये ठरले होते. गाळ बराचसा निघालेला होता, मोटार काढायची बाकी होती. सिस्टरनी बादलीवाल्या गड्यांना खाली उतरण्याआधी आमचे हार्नेस बांधायला लावले. त्यांनी कुरकुर केली, पण बांधले. आमचा बाद झालेला जुना दोर आम्ही मोटारीसाठी नेला होता. माणसांसाठी निवृत्त झाला तरी लोखंडासाठी चालेल, असा हिशेब. कप्पी बांधली, दोर ओवला, सहा जणांनी ओढायला सुरुवात केली. हातात वीतभर दोर येई, पण मोटार जागची हलेना. दोर नुसता लांबत होता.

तो काठावर उभा राहून बघत होता. बराच वेळ. मग म्हणाला, "ओ सर, ऱ्हाऊ द्या. तुमचा दोर लई लाडाचा हाय, जरा वडलं की अंग ताणून देतो. मास्तर लोकांचा दोर हाय न्हवं! थांबा, माझा नाडा आणतो."

वायरमन म्हणाले, "आण की मग! मघापासनं काय आमची परीक्षा घ्यायलास?"

नाड्याने मोटार वर आली. ती चालू झाली की नाही, कर्जाचे काय झाले, भरपाई किती मिळाली, यांची उत्तरे एका रविवारात मिळण्यासारखी नव्हती आणि अजूनही सारी मिळालेली नाहीत. शेतावर माती परत यायला किती वर्षे लागतील, हे भूगोलाचे सर जाणतात, पण त्याच्यासमोर बोलत नाहीत. मात्र त्या दिवसापासून सिस्टर त्याला दर बुधवारी फोन करतात, वायरमन शनिवारी करतात. माझा वार सोमवार. विषय काहीही असतो: क्रिकेट, सोयाबीनचा भाव, एव्हरेस्टवरचा कचरा, माझे वाढते वजन. परवा मी फोन केला तेव्हा त्याने माझे वाक्य पुरे होऊ दिले नाही. "सर, आज सोमवार. कासऱ्यावर तुमची पाळी. धरलं का?"

मी म्हणालो, "धरलं."